विंडोज आणि लिनक्स एका लॅपटॉपवर नांदतात का? नांदतात, पण सामाईक गोष्टी आधी मिटवा

प्रश्न असा आहे की मुलाला इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला सी प्रोग्रॅमिंगसाठी लिनक्स टाकायला सांगितलंय, घरातला लॅपटॉप एकच, त्यावर टॅली चालतं म्हणून विंडोज काढता येत नाही, आणि ओळखीतल्या कुणीतरी सांगितलंय की दोन ओएस (ऑपरेटिंग सिस्टिम) एका मशीनवर नीट राहतच नाहीत, आज ना उद्या एक दुसरीला खातेच. त्याला जोडून दुसरा प्रश्न, शेवटी बाजारात एकच उरणार असेल तर दुसरी शिकायची कशाला. मी बरीच वर्षं सिस्टिम अ‍ॅडमिनचं काम करतोय, ऑफिसं, कॉलेजच्या लॅब, लोकांचे घरचे लॅपटॉप, सगळीकडे ही जोडी लावून दिलीय, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

राहतात. अगदी व्यवस्थित राहतात.

आधी एक समजून घ्या, ड्युअल बूटमध्ये, म्हणजे एकाच लॅपटॉपवर दोन ओएस टाकून सुरू करताना एक निवडायची या पद्धतीत, दोन्ही ओएस एकाच वेळी चालू नसतातच. विंडोज चालू असताना लिनक्स म्हणजे डिस्कच्या एका कोपऱ्यात पडलेल्या नुसत्या फाइली, आणि लिनक्स चालू असताना विंडोजचं तेच. प्रोसेसर, रॅम, स्क्रीन यावरून त्यांचं भांडण व्हायचा प्रश्नच येत नाही कारण समोरासमोर त्या कधी येतच नाहीत. मग भांडण होतं कुठे? दोन भावांत जमिनीची वाटणी झाली की आपापल्या वावरावरून कुणी भांडत नाही, कोर्टकज्जे होतात ते बांधावरून आणि सामाईक विहिरीवरून. इथंही तसंच आहे. पार्टिशन, म्हणजे डिस्कचा तुकडा, ज्याचं त्याचं वेगळं असतं, सामाईक असतं ते बूटचं, म्हणजे मशीन जिथून सुरू होतं ते, ठिकाण, मदरबोर्डवरचं घड्याळ, सिक्युरिटीची चिप आणि दोघांनाही लागणारा डेटाचा ड्राइव्ह. एवढ्या गोष्टी आधी मिटवल्यात तर पुढे काही होत नाही.

"खाते" ही भीती आली कुठून तेही सांगतो, कारण ती खोटी नव्हती. जुन्या बायोसच्या, म्हणजे मशीन सुरू होताच सगळ्यात आधी चालणाऱ्या मदरबोर्डवरच्या प्रोग्रॅमच्या, जमान्यात डिस्कच्या अगदी सुरुवातीला ५१२ बाइटचा एक सेक्टर असायचा, एमबीआर, त्यातले ४४६ बाइट बूट करणाऱ्या कोडला, ६४ बाइट पार्टिशन टेबलला, आणि त्यात प्रायमरी पार्टिशन चारच बसायची. कोड ठेवायची जागा एकच, म्हणजे जी ओएस शेवटी टाकली तिचा कोड तिथं बसणार. विंडोज नव्यानं टाकली की ती न विचारता स्वतःचा कोड लिहायची, ग्रबचा, म्हणजे लिनक्सबरोबर येणाऱ्या ओएस निवडायच्या प्रोग्रॅमचा, मेनू गायब, आणि लोकांना वाटायचं लिनक्स उडाली. लिनक्स तिथंच असायची हो, तिच्याकडे जायचा रस्ता पुसला जायचा फक्त. तेव्हापासून "आधी विंडोज, मग लिनक्स" हा क्रम पडला आणि तो आजही पाळलेलाच बरा.

बायोसच्या जागी यूईएफआय आल्यावर हे खूप बदललं (लोक त्यालाही बायोसच म्हणतात, मीही पुढे तेच म्हणतो). आता डिस्कवर ईएफआय सिस्टिम पार्टिशन नावाचं एक छोटं पार्टिशन असतं, साधं फॅट३२, आणि त्यात प्रत्येक ओएसचं स्वतःचं फोल्डर, एक मायक्रोसॉफ्ट नावाचं, एक उबुंटू (लिनक्सचा एक प्रकार) नावाचं, जे काय टाकलं असेल ते. मदरबोर्डच्या मेमरीत फक्त यादी असते की हे हे पर्याय आहेत आणि या क्रमानं बघ. त्यामुळे विंडोजच्या एखाद्या मोठ्या अपडेटनंतर थेट विंडोजच उघडायला लागली तर घाबरू नका, बहुतेक वेळा फक्त क्रम बदललेला असतो. बायोसच्या सेटिंगमध्ये जाऊन उबुंटू परत वर घ्या, दोन मिनिटांचं काम आहे. उलट बाजूनं, ग्रबच्या मेनूत विंडोज दिसत नाही अशी तक्रारही हल्ली येते, त्याचं कारण ग्रबच्या २.०६ आवृत्तीपासून दुसऱ्या ओएस शोधायचं काम सुरक्षेसाठी बाय डिफॉल्ट बंद केलंय. ते कॉन्फिग फाइलमध्ये चालू करून ग्रब अपडेट केलं की विंडोज परत दिसते.

आता खरा त्रास देणारी गोष्ट. फास्ट स्टार्टअप. विंडोज ८ पासून आपण शटडाउन दाबतो तेव्हा विंडोज पूर्ण बंद होतच नाही, तिचा गाभा डिस्कवर गोठवून ठेवते म्हणजे पुढच्या वेळी लवकर उठता येतं. यात तिच्या दृष्टीनं ड्राइव्ह अजून उघडेच असतात, कुठल्या फोल्डरमध्ये काय आहे हे तिला "आठवत" असतं. आता तुम्ही लिनक्समध्ये गेलात आणि त्याच डी ड्राइव्हवर फाइल ठेवायला लागलात तर शहाणी लिनक्स ड्राइव्ह फक्त वाचण्यापुरताच उघडते, लिहू देत नाही. इथं पोरं काय करतात, नेटवर शोधून जबरदस्तीनं माउंट करायची कमांड मारतात. एका लॅबमध्ये मी हे डोळ्यांनी पाहिलंय, विद्यार्थ्यानं लिनक्समधून सबमिशनचं फोल्डर डी ड्राइव्हवर टाकलं, दिसतही होतं, मशीन बंद केलं, विंडोज उघडली, तिनं जुन्या आठवणीप्रमाणे त्याच ड्राइव्हवर लिहिलं आणि फोल्डर गेलं ते गेलंच. यात दोष ना विंडोजचा ना लिनक्सचा, एकीला वाटत होतं ड्राइव्ह अजून माझ्याकडेच आहे आणि दुसरीला बळजबरीनं आत ढकललं होतं. म्हणून लिनक्स टाकायच्या आधी, परत सांगतो आधी, कंट्रोल पॅनेल, पॉवर ऑप्शन्स, पॉवर बटनांनी काय करायचं ते निवडायचं पान, तिथं फास्ट स्टार्टअपची टिक काढा. हायबरनेट पूर्णच बंद केलं तर आणखी चांगलं. एसएसडी असेल तर सुरू व्हायला जो थोडा वेळ जास्त लागेल तो जाणवणारही नाही.

दुसरं बिटलॉकर, म्हणजे डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय. हल्लीच्या लॅपटॉपवर डिस्क एन्क्रिप्शन आपोआप चालू झालेलं असतं, विंडोज ११ च्या २४एच२ पासून तर नव्या इन्स्टॉलमध्ये ते अजून जास्त मशीनवर चालू व्हायला लागलंय, आणि मालकाला पत्ताच नसतो. बूटचा रस्ता बदलला की टीपीएम या सिक्युरिटीच्या चिपला संशय येतो आणि स्क्रीनवर ४८ अंकी रिकव्हरी की मागितली जाते. ती की तुमच्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये असते बहुतेक वेळा, पण ते अकाउंट कुठल्या मेल आयडीनं काढलं होतं आणि त्याचा पासवर्ड काय, हे दुकानदारानं सेट करून दिलेल्या लॅपटॉपच्या मालकाला क्वचितच माहीत असतं. की हातात, म्हणजे कागदावर लिहून, आल्याशिवाय पार्टिशनला हात लावू नका. टॅलीचा सगळा डेटा त्या कुलपाच्या आत आहे.

घड्याळाचं छोटं आहे पण डोकं खातं. मदरबोर्डवरच्या घड्याळात विंडोज स्थानिक वेळ ठेवते, लिनक्स जागतिक वेळ म्हणजे यूटीसी ठेवते, आणि आपला फरक साडेपाच तासांचा. लिनक्स वापरून परत विंडोजमध्ये आलात की दुपारचे चार वाजलेले असताना साडेदहा दिसतात. मुलाला तर याचा वेगळाच फटका बसेल, सामाईक ड्राइव्हवर सी चा प्रोजेक्ट ठेवला आणि मेक (कोड कंपाइल करवून घेणारा प्रोग्रॅम) चालवलं की क्लॉक स्क्यूची, म्हणजे वेळ जुळत नसल्याची, वॉर्निंग येते आणि बदललेली फाइल कंपाइलच होत नाही, कारण फाइलची वेळ पुढची आणि घड्याळ मागचं. लिनक्सला एका कमांडनं "स्थानिक वेळच धर" असं सांगता येतं, किंवा विंडोजच्या रजिस्ट्रीत यूटीसी धरायला लावता येतं. कुठलंही एकच करा, दोन्ही केलंत की परत घोळ.

सिक्युअर बूट, म्हणजे ओळखीची डिजिटल सही असलेलंच मशीनवर सुरू होऊ देणारी सोय, याबद्दल लोक पटकन सांगून मोकळे होतात की बंद करून टाका. मी नाही सांगत. २०१२ मध्ये विंडोज ८ बरोबर हे आलं तेव्हा लिनक्सवाल्यांत खरंच घबराट होती, कारण मशीनवर चावी मायक्रोसॉफ्टची, तिची सही नसलेलं काही बूटच होणार नाही. त्यावर मॅथ्यू गॅरेट यांनी शिम नावाचा एक छोटा प्रोग्रॅम बनवला, त्यावर मायक्रोसॉफ्टची सही घेतली, आणि मग तो शिम पुढच्या ग्रबची खात्री करतो. आज उबुंटू, फेडोरा, डेबियन सगळ्या याच वाटेनं सिक्युअर बूट चालू ठेवून उठतात. बंद केलंत तर दोन तोटे, एक म्हणजे बिटलॉकर अडू शकतं, आणि दुसरं म्हणजे मुलगा व्हॅलोरंट खेळत असेल तर विंडोज ११ वर तो गेम सिक्युअर बूटशिवाय चालत नाही आणि मग तो तुम्हाला न विचारता परत चालू करेल.

आता हेही खरं की या चावीच्या प्रकरणात लिनक्स दुसऱ्याच्या भरवशावर आहे, आणि त्याची किंमत मोजावी लागते. ऑगस्ट २०२४ मध्ये विंडोजच्या एका सिक्युरिटी अपडेटनं जुन्या, भोकं असलेल्या बूटलोडरांवर, म्हणजे ओएस सुरू करून देणाऱ्या प्रोग्रॅमांवर, बंदी घातली. ड्युअल बूट मशीनवर ते लागू होणार नाही असं मायक्रोसॉफ्टनं म्हटलं होतं, पण ड्युअल बूट ओळखण्यात चूक झाली आणि जगभरात लोकांच्या लिनक्स उठेनात, एसबॅट सेल्फ चेक फेल्ड असं लिहून मशीन बंद. उपाय होता, सिक्युअर बूट तात्पुरतं बंद करून लिनक्समध्ये शिरायचं, ती बंदीची यादी पुसायची, परत चालू करायचं. पण पहिल्या वर्षाच्या पोराच्या लॅपटॉपवर परीक्षेच्या आदल्या रात्री हे झालं असतं तर? मला या बाबतीत मायक्रोसॉफ्टचा खरंच राग आला होता. पूर्ण दुरुस्ती यायला मे २०२५ उजाडलं.

डेटाचा ड्राइव्ह एनटीएफएस, म्हणजे विंडोजच्या फाइल साठवायच्या पद्धतीत, ठेवा, लिनक्सच्या ५.१५ कर्नलपासून (कर्नल म्हणजे ओएसचा गाभा), म्हणजे २०२१ पासून, त्यात पॅरागॉन कंपनीनं दिलेला एनटीएफएस ड्रायव्हर आतच आहे. पेन ड्राइव्हला एक्सफॅट चालेल. नावांची काळजी घ्या, लिनक्सला कॅपिटल ए आणि स्मॉल ए वेगळे वाटतात, दोन्ही नावांच्या दोन फाइली ती शेजारी शेजारी ठेवेल आणि विंडोजला त्यातली एकच उघडता येईल. फाइलच्या नावात कोलनही टाकू नका.

मग तुम्ही नेमकं काय करावं? टॅलीवर घर चालत असेल तर त्या डिस्कला सध्या हातच लावू नका, असं माझं स्पष्ट मत आहे. सी शिकायला डब्ल्यूएसएल ही विंडोजचीच सोय पुरेशी आहे, विंडोजच्या आतच खरी लिनक्स कर्नल चालते, जीसीसी, मेक, जीडीबी ही सी ची हत्यारं सगळी मिळतात, बायोसमध्ये व्हर्च्युअलायझेशन चालू असलं की झालं, आणि नको वाटलं तर एका कमांडनं काढून टाकता येतं. पण डब्ल्यूएसएलवर लिनक्स "वापरता" येते, "सांभाळायला" शिकता येत नाही. खऱ्या इन्स्टॉलवर कधी वायफाय चालत नाही, कधी प्रिंटर दिसत नाही, कधी बूट अडतं, हे स्वतः सोडवल्याशिवाय ती अंगात भिनत नाही. म्हणून पहिलं सेमिस्टर डब्ल्यूएसएल, आणि लॅपटॉपमध्ये दुसऱ्या एसएसडीचा स्लॉट असेल तर नंतर वेगळी एसएसडी टाकून त्यावर लिनक्स. इन्स्टॉल करताना पहिली डिस्क काढून ठेवा किंवा बायोसमधून बंद करा, कारण काही इन्स्टॉलर टार्गेट दुसरी डिस्क दिली तरी बूटलोडर पहिल्याच डिस्कच्या ईएफआय पार्टिशनमध्ये नेऊन ठेवतात, आणि मग दुसरी डिस्क काढली की सगळंच अडतं. दोन डिस्क, दोन स्वतंत्र ईएफआय पार्टिशन, सुरू करताना एफ१२ किंवा तुमच्या कंपनीचं जे बटन असेल ते दाबून निवडायचं. यात एकीला दुसरीचं फारसं काही सामाईक उरतच नाही, घड्याळ आणि सिक्युरिटीची चिप सोडून. इन्स्टॉलरला डिस्कच दिसली नाही तर बायोसमध्ये स्टोरेज रेड किंवा इंटेल आरएसटी मोडमध्ये आहे का बघा, तिथं मात्र घाईनं एएचसीआय (डिस्कशी बोलायचा दुसरा मोड) करू नका, विंडोज उठणं बंद होतं, आधी विंडोजला सेफ मोडची तयारी करून द्यावी लागते.

दुसऱ्या प्रश्नाकडे येतो, शेवटी एकच उरणार का. इतिहास बघितला तर तंत्रामुळे सहवास मोडलाय असं फार कमी वेळा झालंय. मोडतो तो करारानं. १९९८-९९ च्या सुमाराची गोष्ट, बीओएस नावाची एक सुंदर, वेगवान ओएस होती, ॲपलमधून बाहेर पडलेल्या ज्याँ-लुई गॅसे यांच्या कंपनीची. जपानमध्ये हिताचीनं विंडोज आणि बीओएस दोन्ही भरलेला कॉम्प्युटर विकायला काढला. पण सुरू केल्यावर निवडायचा मेनूच नाही! बीओएस डिस्कवर होती, पण ती दिसण्यासाठी गिऱ्हाइकाला स्वतः खटपट करावी लागायची. बी कंपनीचा दावा होता की मायक्रोसॉफ्टच्या लायसन्समध्ये बूटच्या वेळी दुसरी ओएस दाखवायला मनाई होती. २००२ मध्ये त्यांनी खटला भरला, २००३ मध्ये मायक्रोसॉफ्टनं चूक मान्य न करता २ कोटी ३२ लाख ५० हजार डॉलर देऊन मिटवलं, पण तोवर बीची मालमत्ता पाम कंपनीला विकली गेलेली होती. एक मेनू दाखवला असता तर काय झालं असतं, हा विचार माझ्या डोक्यातून जात नाही.

आपल्याकडचं उदाहरण अँड्रॉइडचं. फोन कंपनीला प्ले स्टोअर हवं असेल तर अँड्रॉइडची वेगळी केलेली, गूगलच्या नियमांत न बसणारी आवृत्ती कुठल्याच फोनवर विकायची नाही, अशी अट असायची. २० ऑक्टोबर २०२२ ला भारतीय स्पर्धा आयोगानं गूगलला १३३७.७६ कोटींचा दंड केला आणि ही अटही काढायला लावली. जानेवारी २०२३ मध्ये गूगलनं भारतातल्या अटी सैल केल्या. म्हणजे दुसरी ओएस बनवता येत नव्हती असं नाही, बनवून विकायची वाट बंद होती.

आणि वाट उघडली की काय होतं ते साम्बानं, म्हणजे विंडोज आणि लिनक्समध्ये नेटवर्कवरून फाइली देऊ घेऊ देणाऱ्या सॉफ्टवेअरनं, दाखवलंय. ऑस्ट्रेलियात कॅनबेराला अँड्र्यू ट्रिजेल यांनी १९९१-९२ च्या सुमारास सुरुवात केली, विंडोज नेटवर्कवर फाइली कशा देते घेते हे तारेवरचं बोलणं ऐकून ऐकून उलगडलं. पुढे युरोपियन कमिशननं २००४ मध्ये मायक्रोसॉफ्टला ४९.७ कोटी युरो दंड केला आणि प्रोटोकॉलची माहिती द्यायला सांगितलं, आणि डिसेंबर २००७ मध्ये साम्बाच्या लोकांना ती कागदपत्रं १०,००० युरोत मिळाली. आज कुठल्याही छोट्या ऑफिसात कोपऱ्यात ठेवलेला एनएएसचा, म्हणजे सगळ्यांच्या फाइली ठेवायचा, डबा बघा, आत बहुतेक लिनक्स असते, टेबलावर सगळ्या विंडोज, आणि अकाउंटंटबाईंना त्याचा पत्ताही नसतो. हा सहवास रोजचा आहे, दिसत नाही इतकंच. मायक्रोसॉफ्टनं स्वतः २००९ मध्ये लिनक्स कर्नलला कोड दिला आणि आज त्यांच्याच ॲझ्युअर या क्लाउड सेवेवर अर्ध्याहून जास्त काम लिनक्सवर चालतं. टॉप५०० या जगातल्या सगळ्यात वेगवान सुपरकॉम्प्युटरांच्या यादीतले सगळे ५०० नोव्हेंबर २०१७ पासून लिनक्सवरच आहेत. तरी टेबलावर विंडोजच जास्त आहे. दोन्ही आपापल्या जागी पक्क्या आहेत.

मराठीवाल्यांना तर हे सगळ्यात आधी कळायला हवं होतं. डीटीपीवाले वर्षानुवर्षं श्रीलिपी किंवा कृतीदेवमध्ये काम करत आले, त्या फाइलीत देवनागरी नसतेच, त्या त्या फॉण्टचे कोड असतात, फॉण्ट नसलेल्या मशीनवर उघडली की नुसती चिन्हं आणि इंग्रजी अक्षरांचा काला. अशा माणसाला विंडोज सोडायची इच्छा असली तरी सोडता येत नाही, त्याला ओएसनं नाही, त्याच्या जुन्या फाइलींनी बांधून ठेवलंय. युनिकोड आल्यावर तीच मराठी फोनवर, विंडोजवर, लिनक्सवर सारखी उघडते. अजूनही बारीक खड्डे आहेत, "पायऱ्या" या शब्दातला अर्धा र दोन वेगळ्या पद्धतींनी साठवता येतो, दिसतो तंतोतंत सारखा, पण एका कीबोर्डवर टाइप केलेला दुसऱ्यावरून शोधला की सापडत नाही. मुलाला सांगा, प्रोजेक्टसाठी विषय हवा असेल तर हा घे, एक छोटा प्रोग्रॅम जो दोन्ही प्रकार एकसारखे करून शोधतो. सी मध्येही होईल.

जाता जाता एक कामाचं, सिक्युअर बूटसाठी मायक्रोसॉफ्टच्या ज्या २०११ सालच्या सर्टिफिकेटनं शिमवर सही होते त्याची मुदत जून २०२६ ची आहे, जागा २०२३ ची नवी घेतात. आधी सही झालेलं त्या दिवशी बंद पडणार नाही, पण नवे शिम नव्या सहीचे येतील, आणि मशीनला नवी चावी माहीत असावी लागेल. म्हणून विंडोजचे अपडेट, लिनक्समधले फर्मवेअर अपडेट आणि लॅपटॉप कंपनीचं बायोस अपडेट, तिन्ही घेत राहा, आणि बायोस अपडेटच्या आधी बिटलॉकर सस्पेंड करायला विसरू नका.